आवासदान : कुंभाराच्या धर्मशाळेपासून मधुबनच्या कोठ्यांपर्यंत

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगितले आहेत. आहार, औषध आणि उपकरण ही तीन दाने झाल्यावर चौथे येते ते आवासदान. पहिल्या तिन्हींची चर्चा प्रवचनांतून वारंवार होते. आवासदानाची त्या मानाने कमी होते. वस्तुतः या चौथ्या दानासाठी आचार्यांनी जो दृष्टांत निवडला आहे तो चौघांत सर्वांत विलक्षण आहे, कारण त्याचा नायक राजा नाही, श्रेष्ठी नाही, तर एक रानडुक्कर आहे.

टीकाकार प्रभाचंद्रांनी ती कथा विस्ताराने दिली आहे. माळव्यातील घटग्रामात देविल नावाचा कुंभार आणि धम्मिल नावाचा नापित राहत होते. वाटसरूंना उतरण्यास जागा असावी म्हणून या दोघांनी भागीदारीत एक वास्तू उभारली. देविलाने तेथे प्रथम एका मुनींना उतरवले. मागाहून धम्मिलाने एका परिव्राजकाला आणून बसवले आणि मुनींना बाहेर काढले. मुनींनी ती रात्र झाडाखाली डास आणि थंडी सोसत काढली. सकाळी देविलाला हे कळताच दोघांत भांडण जुंपले, ते विकोपाला गेले आणि दोघेही मरण पावले. पुढच्या जन्मी विंध्याच्या अरण्यात देविल रानडुक्कर झाला आणि धम्मिल वाघ. एके दिवशी डुकराच्या गुहेत समाधिगुप्त आणि त्रिगुप्त हे मुनी येऊन उतरले. त्यांना पाहताच डुकराला पूर्वजन्माचे स्मरण झाले, त्याने उपदेश ऐकला आणि व्रत घेतले. माणसाच्या वासाने वाघ तेथे आला, तेव्हा डुक्कर गुहेच्या दाराशी उभे राहिले. झुंजीत दोघेही मेले. मुनींच्या रक्षणाचा भाव धरून मेलेले डुक्कर सौधर्म स्वर्गात गेले आणि भक्षणाचा भाव धरून मेलेला वाघ नरकात.

विश्वस्तांमधील मतभेदांची ही बहुधा आपल्या वाङ्मयातील सर्वांत जुनी नोंद असावी! तो विनोद बाजूला ठेवला तरी कथेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. धर्मशाळा बांधणारे दोघेही हाताने काम करणारे कारागीर होते, द्रव्यवान नव्हते. आणि आवासदान इमारत उभी राहिल्याबरोबर पूर्ण झाले नाही. कोणाला उतरवले, कसे वागवले आणि प्रसंगी दाराशी कोण उभे राहिले, यावर ते ठरले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या दानाचा सर्वांत जुना ज्ञात पुरावा पुणे जिल्ह्यातील मावळात आहे. पाले गावाजवळच्या डोंगरातील एका लहानशा गुहेत ब्राह्मी लिपीतील लेख आहे. डॉ. ह. धी. सांकलिया आणि डॉ. शोभना गोखले यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस तो अभ्यासून विद्वानांपुढे मांडला. अरहंतांना वंदन करून सुरू होणारा हा लेख महाराष्ट्रातील सर्वांत प्राचीन जैन शिलालेख मानला जातो. त्याचा काळ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. भदंत इंद्ररक्षित यांनी येथे लेणे आणि पोढी करविली, एवढाच त्याचा आशय आहे. लेणे म्हणजे निवारा आणि पोढी म्हणजे पाण्याचे टाके. मंदिर, शिखर, मानस्तंभ हे सारे वैभव पुढच्या शतकांतले. आरंभ झाला तो छप्पर आणि पाणी या दोन गोष्टींपासून. देशावर चढणाऱ्या घाटवाटांचा हा मुलूख. त्या डोंगरात या दोन गोष्टींची किंमत काय असेल, हे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात मावळ चढलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

जैन यात्रेकरूला वाटेत जी अडचण पडत असे ती इतरांपेक्षा थोडी निराळी होती. सरायांत खाटा मिळत, घोड्यांना चारा मिळे, पण श्रावकाचे आचारधर्म तेथे पाळले जात नसत. पाणी दुहेरी वस्त्राने गाळून घ्यावयाचे आणि गाळणीत उरलेली जिवाणी जेथून पाणी काढले त्याच विहिरीत अलगद परत सोडावयाची, भोजन सूर्यास्तापूर्वी आटोपावयाचे, कंदमुळे वर्ज्य, अष्टमी-चतुर्दशीचे नियम वेगळे. परक्या चुलीवर हे साधणार कसे? म्हणूनच जुन्या काळी यात्रा एकट्यादुकट्याने होत नसे, ती संघाने होई. स्वयंपाकाचे साहित्य, गाळणी, तंबू आणि संरक्षक असे सारे बरोबर घेऊन चालणारे ते एक फिरते गावच असे. गुजरातचे महामात्य वस्तुपाल यांनी इ.स. १२२१ मध्ये काढलेला शत्रुंजय-गिरनारचा संघ याच कारणाने इतिहासात नाव राखून आहे. श्वेतांबर परंपरेत आजही ‘छ-री’ पाळून निघणाऱ्या पदयात्रा संघात एकवेळ भोजन, जमिनीवर शयन आणि पायी प्रवास हे नियम असतात. तेव्हा मुक्कामाची सोय हा त्यांच्या आखणीचा कणाच असतो.

संघाबाहेर पडलेल्या प्रवाशाची स्थिती काय होई, याचे चित्र कविवर बनारसीदासांनी रेखाटले आहे. १५८६ मध्ये जौनपुरात जन्मलेल्या या श्रीमाळ श्रावकाने १६४१ मध्ये ‘अर्धकथानक’ हे पद्य आत्मचरित्र लिहिले. माल घेऊन आग्र्यास निघालेले बनारसीदास इटाव्याजवळ पोहोचले आणि अवेळी पाऊस कोसळू लागला. सराय गाठली तर ती बड्या उमरावांनी भरलेली. बाजारात दारोदार हिंडले. पायांत चिखल, अंगावर थंडीतला पाऊस, आणि ‘बसा’ म्हणणारे कोणी नाही. एका बाईला दया आली, तर तिचा नवरा बांबू घेऊन धावला. शेवटी चौकीदारांच्या झोपडीत आसरा मिळाला; पण तेवढ्यात एक दांडगा माणूस येऊन जागेवर हक्क सांगू लागला. अखेर तो खाटेवर झोपला आणि हे सारे त्याच खाटेखाली गोणपाटावर. दुसऱ्या एका प्रवासात वाट चुकून ते चोरांच्या गावात शिरले, तेव्हा वस्त्राचे दोरे काढून जानवी वळली, कपाळी मातीचा टिळा लावला, ब्राह्मण असल्याचे भासवले आणि श्लोक म्हणून रात्र निभावली. समयसाराचा नाटकरूप आविष्कार करणाऱ्या अध्यात्मी कवीवर रात्रीच्या निवाऱ्यासाठी ही पाळी यावी, हे वाचून हसू येते आणि वाईटही वाटते.

याच ग्रंथात शिखरजीच्या एका संघाचीही हकीगत आहे. १६०४ च्या सुमारास शाहजादा सलीमचे जव्हेरी हिरानंद मुकीम यांनी प्रयागहून सम्मेदशिखराचा मोठा संघ काढला. बनारसीदासांचे वडील खरगसेन त्यात गेले होते. परतीच्या वाटेवर पुष्कळ यात्रेकरू आजारी पडले, काही दगावले. खरगसेनही रुग्णावस्थेतच घरी आले. वाटेवरचे पाणी आणि मुक्काम यांची हमी नसली तर राजाश्रय असलेल्या श्रीमंताच्या संघाचीही अशी दशा होत असे.

सम्मेदशिखर हे वीस तीर्थंकरांचे निर्वाणक्षेत्र. तेथील धर्मशाळांचा इतिहास समजून घ्यावयाचा तर आधी एक साधी गोष्ट लक्षात ठेवावी लागते. संपूर्ण पर्वतच पूज्य असल्याने वर वस्ती करावयाची नाही. चढण सुमारे नऊ किलोमीटर, टोंकांची वंदना नऊ, उतरण नऊ असे सत्तावीस किलोमीटरचे चालणे एका दिवसात पुरे करावे लागते. पालीताण्याच्या शत्रुंजयावरही हाच नियम. साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या चढून गेलेल्या यात्रेकरूंबरोबर सायंकाळी पुजारीही खाली उतरतात आणि ते मंदिरांचे नगर रात्री देवांपुरते उरते. या एका नियमातून पायथ्याची गावे जन्माला आली. शिखरजीच्या पायथ्याशी मधुबन आणि शत्रुंजयाच्या तळाशी पालीताणा ही गावे धर्मशाळांचीच झाली. पर्वतावर जे करावयाचे नाही ते सारे पायथ्याने आपल्या अंगावर घेतले, असे म्हटले तर वावगे होणार नाही. शत्रुंजयाच्या तळेटीवर उतरून आलेल्या प्रत्येक यात्रेकरूला ‘भाते’ देण्याची चाल आहे. तेथे पावती नाही, ओळख नाही. थकून आलेला माणूस एवढीच पात्रता.

मधुबनात बीसपंथी कोठी, तेरापंथी कोठी आणि श्वेतांबर कोठी अशा तीन जुन्या संस्था जवळजवळ आहेत. कोठी या शब्दात मंदिर, पेढी, धान्याचे कोठार, भोजनशाळा आणि उतरण्याच्या खोल्या असे सगळेच सामावते. १८७१ मध्ये मधुपूरहून गिरिडीहपर्यंत रेल्वेचा फाटा आला. तोवर हजारो मैल बैलगाडीने येणारा दक्षिणेकडील यात्रेकरू आता गिरिडीहला उतरून शेवटचा टप्पा तेवढा गाडीने करू लागला. पुढे मुख्य मार्गावरील इसरी, म्हणजे आजचे पारसनाथ स्थानक, अधिक सोयीचे ठरले. पूर्वी वर्षातून एखादा संघ येई. आता कुटुंबे येऊ लागली, आणि तीही वर्षभर. संघ आपला तंबू बरोबर आणत असे. कुटुंब तंबू आणत नाही. धर्मशाळांची खरी वाढ रेल्वेनंतर झाली, ती या कारणाने.

याच पर्वताने निवासाची एक दुसरी कल्पनाही पाहिली. १८६४ मध्ये इंग्रज सरकारने युरोपियन सैनिकांसाठी पारसनाथावर आरोग्यधाम उभारले. धुके, एकाकीपणा आणि जागेची व पाण्याची टंचाई यांमुळे १८६८ मध्ये ते सोडून द्यावे लागले. अधिकाऱ्यांच्या इमारतीचा डाकबंगला झाला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तेथे बंगले बांधण्याची योजना पुन्हा पुढे आली, तेव्हा दिगंबर आणि श्वेतांबर दोघांनीही तिला विरोध केला आणि ती मागे पडली. एरवी पर्वताच्या हक्कांवरून हे दोन्ही समाज प्रीव्ही कौन्सिलपर्यंत झगडले, हे येथे लपविण्याचे कारण नाही. परंतु पर्वत हवा खाण्याची जागा होऊ नये याबद्दल त्यांच्यात दुमत नव्हते. ऑगस्ट २०१९ च्या केंद्रीय अधिसूचनेत पर्यावरणीय पर्यटनाचा उल्लेख आला आणि २०२२ च्या अखेरीस देशभर मोर्चे निघाले. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्र सरकारने तेथील पर्यटनविषयक तरतुदींना स्थगिती दिली. या सर्व आंदोलनात ‘यात्रेकरू’ आणि ‘पर्यटक’ हे दोन शब्द सतत वापरले गेले. त्यांतील फरक ज्याला डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्याने डाकबंगला आणि कोठी यांची तुलना करावी. डाकबंगला वर, देखाव्यासमोर. कोठी खाली, पायऱ्यांच्या तोंडाशी.

मुंबईत ही परंपरा नव्या रूपात आणण्याचे श्रेय दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांच्याकडे जाते. १८५१ मध्ये सुरतेत जन्मलेले आणि मोत्यांच्या व्यापारात नाव मिळवलेले माणिकचंद शेठ १९१४ मध्ये निवर्तले. त्यांच्या वडिलांच्या स्मरणार्थ सी. पी. टँक येथे हिराबाग धर्मशाळा उभी राहिली. उत्तर भारतातून गजपंथा, मांगीतुंगी, कुंथलगिरीकडे किंवा श्रवणबेळगोळकडे जाणारा यात्रेकरू मुंबईत उतरे तेव्हा त्याला शुद्ध पाणी, सूर्यास्तापूर्वीचे भोजन आणि जवळच जिनदर्शन मिळावे, हा हेतू. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या भारतवर्षीय दिगंबर जैन तीर्थक्षेत्र कमिटीचे कार्यालय येथेच आले. पं. नाथूराम प्रेमी यांनी १९१२ मध्ये सुरू केलेले हिंदी ग्रंथ रत्नाकर कार्यालयही हिराबागेतलेच. एका उतारशाळेच्या आवारातून तीर्थरक्षणाचे खटले चालले आणि ग्रंथही प्रकाशित झाले. आवासदान आणि शास्त्रदान असे एकाच छपराखाली आले. माणिकचंद शेठांच्याच साहाय्याने मुंबई, कोल्हापूर आदी ठिकाणी विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंगे निघाली. कर्मवीर भाऊराव पाटील हे कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेले विद्यार्थी. धर्मशाळा तीन दिवसांची आणि बोर्डिंग तीन वर्षांचे, एवढाच काय तो फरक. मूळ कल्पना एकच.

दक्षिण महाराष्ट्रातील आणि मराठवाड्यातील क्षेत्रांवर ज्या जुन्या धर्मशाळा होत्या त्या बहुतेक वाड्याच्या धर्तीच्या. मधे चौक, सभोवती ओसरी, ओसरीला लागून खणाखणाच्या खोल्या, दर्शनी भागात पेढी आणि मुनीमजींची गादी, मागे विहीर. दगडी जोते, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, सागवानी खांब आणि तुळया, वर कौले. चुना भट्टीतून आणून खड्ड्यात विरवायचा, मग वाळूबरोबर बैलाच्या घाणीत दळायचा, त्यात गूळ आणि हिरड्याचे पाणी घालायचे. असा चुना हळूहळू घट्ट होतो, पण शतक टिकतो आणि भिंतीला श्वास घेऊ देतो. अशा वास्तूची देखभालही हातांनीच व्हावयाची. मृगापूर्वी सगळे छप्पर शाकारायचे; फुटकी कौले बदलायची, माकडांनी सरकवलेली बसवायची, पन्हाळी झाडायच्या. अनेक गावांत हे काम श्रावकमंडळी श्रमदानाने करीत. आबालवृद्धांची रांग लागे आणि कौले हातोहात वर जात.

शाकारणी थांबली आणि धर्मशाळा खचू लागल्या. कौल सरकले की पाणी भिंतीच्या माथ्यात उतरते, तेथे टेकलेले तुळईचे टोक कुजते, तुळई वाकते आणि खोली बंद पडते. पुढे कोणी सद्हेतूने सिमेंटचा गिलावा करून देतो, पण चुन्याच्या भिंतीत शिरलेला ओलावा सिमेंटमागे कोंडतो आणि पोपडे धरून विटाच झडू लागतात. म्हणजे दुरुस्तीनेच नुकसान! ज्या वास्तू वाचल्या त्या बहुधा जुन्याच पद्धतीने हाताने सावरल्या गेल्या: कुजलेले टोक कापून नव्या सागाचा सांधा देणे, गिलावा खरवडून चुना पुन्हा चढवणे, शाबूत विटा साफ करून त्याच जागी लावणे. अशा कामात यतनाही पाळता येते. जुने लाकूड हलविण्यापूर्वी त्यातील जीवजंतू पाहता येतात, विरवणीच्या खड्ड्यावर झाकण ठेवता येते, चातुर्मासात काम थांबवता येते. यंत्राने एका दिवसात पाडलेल्या भिंतीबाबत हे शक्य नसते.

मग धर्मशाळांचा जीर्णोद्धार मंदिरांच्या मानाने इतका कमी का झाला? कारण हिशेबाच्या वहीत सापडते. देवापुढे आलेले द्रव्य देवकार्याखेरीज अन्यत्र वापरावयाचे नाही, हा दंडक समाजाने कसोशीने पाळला आणि तो योग्यच आहे. धर्मशाळेचा खर्च पडतो साधारण खात्यावर. बोली मंदिराच्या कलशाची लागते, साधारण खात्याची लागत नाही. त्यामुळे संगमरवरी गाभाऱ्याशेजारी गळकी धर्मशाळा, असे दृश्य अनेक क्षेत्रांवर दिसत आले. दात्यालाही सर्वस्वी दोष देता येत नाही. नव्या खोलीवर नावाची पाटी बसते. शाकारलेल्या छपरावर पाटी कोठे बसवणार? १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने महाराष्ट्रात एक गोष्ट मात्र चांगली केली. हिशेब तपासणीखाली आले आणि धर्मादाय आयुक्तांच्या अनुमतीवाचून विश्वस्तसंस्थेची जागा विकणे बंद झाले. शहरांतील मोक्याच्या काही धर्मशाळा आज उभ्या आहेत, त्याला या कलमाचाही हातभार आहे.

अलीकडे क्षेत्रोक्षेत्री वातानुकूलित यात्री निवास झाले आहेत. वृद्धांना, आजाऱ्यांना त्यांची गरज आहे, याबद्दल वाद नाही. परंतु मोकळी ओसरी नाहीशी झाली तर ज्याच्याजवळ खोलीचे भाडे नाही असा श्रावक कोठे उतरणार? १९५५ साली कुंथलगिरीवर चारित्रचक्रवर्ती प.पू. आचार्य श्री शांतिसागर महाराजांची सल्लेखना चालू होती. १४ ऑगस्ट ते १८ सप्टेंबर, ऐन पावसाळ्याचे ३६ दिवस. क्षेत्र आडवाटेला आणि दर्शनार्थी हजारोंनी. अशा वेळी खोल्या मोजून भागत नाही. ओसरीवर सतरंजीला सतरंजी लावून माणसे मावतात आणि मावली पाहिजेत.

मधुबनात आजही दिवस मध्यरात्रीनंतरच सुरू होतो. दोन-अडीचच्या सुमारास कोठ्यांच्या चौकात दिवे लागतात, डोलीवाले दाराशी येऊन बसतात, काठ्यांचा आवाज सुरू होतो आणि णमोकार म्हणत माणसे अंधारात चढू लागतात. वरती बहुतेक जण पाण्याचा थेंबही घेत नाहीत. दुपार कलू लागली की ती परत येऊ लागतात; कोणी अनवाणी, कोणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. भोजनशाळेत तोवर गाळलेले पाणी भरून ठेवलेले असते आणि वाढपी सूर्याकडे पाहत असतात, कारण मागे राहिलेले शेवटचे म्हातारे जोडपे उतरून हातपाय धुऊन पानावर बसेपर्यंत उजेड राहावयास हवा.